राक्षसभुवन ते खडकवासला

गेवराई तालुक्यात, गोदावरीच्या दक्षिण तीरावर राक्षसभुवन नावाचे गाव आहे. शनीच्या दर्शनाला आपल्यापैकी अनेकजण तिथे जाऊन आले असतील. घाटावर उभे राहून नदीचे विस्तीर्ण पात्रही पाहिले असेल. पण याच परिसरात अठरा वर्षांच्या एका मुलाने मोठी लढाई जिंकली होती, हे त्या वेळी किती जणांच्या मनात आले असेल?

तारीख होती १० ऑगस्ट १७६३. पानिपताचा घाव अजून ओला होता. पावसाळ्याचे दिवस, गोदावरीला पूर आलेला. निजामअली काही फौज घेऊन नदीपलीकडे गेला होता. त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह अलीकडे राहिला होता. मराठ्यांनी नेमकी ही वेळ साधली. लढाईच्या ऐन भरात रघुनाथराव शत्रूच्या गराड्यात सापडले, तेव्हा त्यांचे पुतणे माधवराव पेशवे राखीव फौज घेऊन धावून गेले आणि पारडे फिरले. विठ्ठल सुंदर मारला गेला. मधे पूर असल्यामुळे निजामाला मदत धाडता आली नाही.

माधवरावांचा जन्म १७४५ चा. म्हणजे आज आपली मुले ज्या वयात बारावीच्या निकालाची वाट पाहतात, त्या वयात त्यांनी हे केले. आपण म्हणतो, 'काय हे उपजत नेतृत्व!' पण थोडे मागे जाऊन पाहिले, तर गोष्ट वेगळी दिसते. लढाईच्या नऊ-दहा महिने आधी, नोव्हेंबर १७६२ मध्ये, काका-पुतण्यांचा वाद थेट रणांगणावर गेला होता. आळेगावला माधवरावांचा पराभव झाला. दौलतीचे आणखी दोन तुकडे होऊ नयेत म्हणून पेशवेपदाची वस्त्रे असलेला हा मुलगा स्वतः काकांच्या छावणीत गेला आणि त्यांच्या हाताखाली राहिला. राग गिळायचा, ऐकायचे, पाहायचे आणि वेळ आली की त्याच काकांसाठी धावून जायचे, हे सगळे त्या काही महिन्यांत घडले. हुकूम देण्यापूर्वी हुकूम पाळायला शिकावे लागते. हा धडा ते राक्षसभुवनाला येण्याआधीच शिकले होते.

पण हेही खरे, की हे शिक्षण त्यांना मिळाले ते पेशव्यांच्या घरात जन्मले म्हणून. सरदाराचा मुलगा लहानपणापासून मोहिमेवर जाई, दरबारात बसे, थोरांची मसलत ऐके. त्याच मोहिमेत घोड्याला दाणा-वैरण घालणाऱ्याच्या मुलाला कोण ऐकू देणार? नेतृत्व शिकवले जात होते, पण त्याची शाळा घरातच होती आणि ते घर थोड्यांचेच होते.

पुढच्या शतकात आपल्याच जिल्ह्यात याचे दुसरे रूप दिसते. अंबाजोगाई, म्हणजे निजामी अमलातले मोमिनाबाद, ही घोडदळाची छावणी होती. हैदराबाद कंटिंजंट नावाच्या फौजेची पथके तिथे असत. पैसा निजामाचा, हुकूम मात्र इंग्रजांचा. स्वार इथले. त्यांच्यातूनच जमादार, रिसालदार होत. रिसालदार कितीही अनुभवी असला, तरी त्याच्या वर मिसरूडही नीट न फुटलेला गोरा अधिकारी असे. हिंदी माणूस शूर असतो, पण त्याला पुढारपण जमत नाही, असे तेव्हाचे साहेब उघड म्हणत. १९०३ मध्ये ही फौज ब्रिटिश हिंदी सैन्यात विलीन झाली, पण हा समज काही गेला नाही.

तो मोडायला पहिले महायुद्ध व्हावे लागले. हजारो हिंदी जवान परदेशी मातीत पडल्यावर, १९१८ मध्ये इंग्लंडातील सँडहर्स्टच्या सैनिकी महाविद्यालयात वर्षाला अवघ्या दहा जागा हिंदी तरुणांना दिल्या गेल्या. त्या वाटेने गेलेले शंकरराव थोरात १९२६ मध्ये अधिकारी झाले आणि पुढे स्वतंत्र भारताच्या सैन्यात लेफ्टनंट जनरलच्या पदापर्यंत पोहोचले. पण दहा जागांनी काय होणार? आपल्या देशातच अशी संस्था हवी, ही मागणी कायदेमंडळात आणि गोलमेज परिषदेत होत राहिली. नागपूरचे डॉ. बा. शि. मुंजे त्यासाठी नेमलेल्या समितीवर होते. त्यांनीच पुढे १९३७ मध्ये नाशिकला भोसला सैनिकी शाळा सुरू केली. १९३२ मध्ये डेहराडूनला इंडियन मिलिटरी अकॅडमी उघडली. पहिल्या तुकडीत चाळीस जण होते. त्यांतले सॅम माणेकशा भारताचे सेनापती झाले. त्याच तुकडीतले मुहम्मद मुसा पाकिस्तानचे आणि स्मिथ डन ब्रह्मदेशाचे सेनापती झाले. ज्यांना पुढारपण जमणार नाही असे म्हटले जात होते, त्यांच्या एकाच वर्गाने तीन देशांना सेनापती दिले!

त्या संस्थेच्या उद्घाटनाच्या भाषणात सरसेनापती चेटवुड यांनी सांगितलेला क्रम आजही तिथे शिकवला जातो. आधी देश, मग हाताखालची माणसे, आणि सर्वांत शेवटी, नेहमीच शेवटी, स्वतः.

स्वातंत्र्यानंतर तिन्ही दलांच्या भावी अधिकाऱ्यांना एकत्र शिकवायचे ठरले. ६ ऑक्टोबर १९४९ रोजी पंडित नेहरूंनी खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची कोनशिला बसवली आणि जानेवारी १९५५ मध्ये संस्था तिथे सुरू झाली. समोर सिंहगड, शेजारी धरणाचे पाणी. तीन वर्षांचे शिक्षण.

तिथे नेतृत्व शिकवतात म्हणजे काय करतात? त्यावर व्याख्याने होतात, पण खरे शिक्षण बारीकसारीक गोष्टींतून होते. पहिल्या सत्रातल्या मुलाच्या वाट्याला फक्त आज्ञापालन येते. त्याची धाव, त्याचे खेळ, त्याचे गुण त्याच्या एकट्याचे नसतात, त्याच्या स्क्वाड्रनचे असतात. वर्गाला जाताना मुले सायकलींवरून रांगेने जातात आणि त्या रांगेची जबाबदारी त्यांच्यातल्याच एकावर असते. एकाची साखळी निसटली आणि रांग उशिरा पोहोचली, तर जाब त्याला द्यावा लागतो. वरच्या सत्रात गेल्यावर काहींना कॅडेट कॅप्टनसारखी पदे मिळतात. तेव्हा काल बरोबर बसून जेवलेल्या मित्राला आज शिस्त लावायची असते, आणि मैत्रीही टिकवायची असते. डोंगरात रात्रीच्या वेळी नकाशा घेऊन वाट काढताना सगळ्यांत मागे पडलेल्याचे ओझे कोण उचलतो, हे पाहणारे डोळे तिथे असतात.

या संस्थेत जाण्यापूर्वीची निवडही अशीच असते. दुसऱ्या महायुद्धात अधिकाऱ्यांची मोठी गरज पडली, तेव्हा घराणे पाहून निवड करणे पुरेना. इंग्लंडमध्ये १९४२ मध्ये निवडीची नवी मंडळे आली आणि १९४३ मध्ये भारतात. आजच्या एसएसबीचे मूळ तिथे आहे. पाच दिवस उमेदवाराला नुसते पाहिले जाते. आठ-दहा जणांच्या गटाला एक फळी, एक बल्ली, एक दोर आणि एक ओझे देतात. जमिनीला पाय न लावता पलीकडे जायचे. पुढारी कोण, ते सांगत नाहीत. कोणी ओरडत सुटतो, कोणी गप्प उभा राहतो, आणि कोणी मुकाट्याने फळीचे टोक धरून दुसऱ्याला म्हणतो, 'तू आधी जा.' परीक्षकाची पेन्सिल बहुधा इथेच चालते. नंतर प्रत्येकाला एकेकदा प्रमुख करतात आणि दोन साथीदार निवडायला सांगतात. बाकीचे कोणाला पुन्हापुन्हा निवडतात, तेही नोंदवले जाते.

आता आपल्या बीडकडे येऊ. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. शाळा थोड्या, माध्यम उर्दू. अधिकारपदाची स्वप्ने सामान्य घरात कोण पाहणार? स्वातंत्र्यानंतरही फौजेत जाणे म्हणजे जवान होणे, एवढेच आपल्याला ठाऊक होते. १९६१ मध्ये साताऱ्याला देशातली पहिली सैनिक स्कूल निघाली. मराठवाड्याला जवळची संस्था मिळाली ती १९७७ मध्ये. आजच्या छत्रपती संभाजीनगरला राज्य शासनाने सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट सुरू केली. दहावीनंतर मुलांना निवडून, दोन वर्षे वसतिगृहात ठेवून, प्रबोधिनीची लेखी परीक्षा आणि एसएसबी या दोन्हींसाठी तयार करायचे, हे तिचे काम. २०२३ मध्ये नाशिकला मुलींसाठीही अशीच संस्था उघडली. खुद्द प्रबोधिनीत मुली २०२२ मध्ये दाखल झाल्या आणि मे २०२५ मध्ये पहिल्या सतराजणी तिथून बाहेर पडल्या.

तरीही प्रश्न उरतोच. दसरा-दिवाळी झाली की आपल्या जिल्ह्यातली हजारो कुटुंबे कोयता घेऊन साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. मागे आजीजवळ राहिलेली तेरा-चौदा वर्षांची मुलगी धाकट्यांना शाळेत धाडते, शेरडांचे पाहते, आजीचे औषध आणते, दुकानदाराची उधारी ध्यानात ठेवते. फळी, बल्ली आणि दोर तिच्या हातात रोजच असतात! पण एसएसबीसमोर मुलाखत आणि चर्चा बहुतांशी इंग्रजीत चालते. तिथे हीच मुलगी गप्प उभी राहील, आणि ज्याने घरी कधी पाण्याचा तांब्याही उचलला नाही तो घडाघडा बोलेल. मोमिनाबादच्या रिसालदाराला गोऱ्या कातडीने अडवले. हिला बोलण्याची सवय नसणे आणि अशी परीक्षा असते हेच माहीत नसणे अडवते. फरक एवढाच, की ही अडचण आपण दूर करू शकतो.

त्यासाठी नव्या इमारतीची वाट पाहायला नको. आपल्या शाळांत वर्गाचा मॉनिटर वर्षानुवर्षे पहिल्या नंबराचाच मुलगा का असतो? दर आठवड्याला तो बदलता येईल. परिपाठात रोज एका नव्या मुलाला दोन मिनिटे बोलायला लावता येईल, आधी मराठीत आणि मग मोडक्यातोडक्या इंग्रजीत. सहलीचा हिशेब, सामन्यांचा संघ, वसतिगृहाचा भटारखाना मुलांच्या हाती सोपवता येईल. चुका होतील, होऊ द्याव्यात. महाविद्यालयात एनसीसी आहे. तिचे 'सी' प्रमाणपत्र असलेल्या पदवीधरांसाठी अधिकारी होण्याची वेगळी वाट आहे, हे मुलांना कोणीतरी सांगायला हवे.

माधवरावांना पेशवाईने शिकवले. गेवराईच्या, पाटोद्याच्या, धारूरच्या मुलांना शिकवायला पेशवाई नाही, शाळा आहे. पुढच्या वेळी राक्षसभुवनाला गेलात, तर दर्शनानंतर मुलांना घाटावर न्या आणि ती लढाई सांगा. माधवरावांचे वय मात्र आवर्जून सांगा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)