खांदेरीची रात्रीची वाट

थळच्या किनाऱ्यावर उभे राहून तुम्ही पश्चिमेकडे पाहिलेत, तर समुद्रात दोन बेटे दिसतात. अलीकडचे बसके ते उंदेरी आणि पलीकडचे, दोन टेकड्यांचे, ते खांदेरी. किनाऱ्यापासून अंतर म्हणाल तर सुमारे ५ किलोमीटर. आज यंत्राची होडी ते बघता बघता कापते. पण शीड आणि वल्ही एवढाच आधार होता आणि वाटेवर शत्रूच्या तोफा रोखलेल्या होत्या, तेव्हा हेच अंतर केवढे असेल?

खांदेरी मुंबई बंदराच्या तोंडाशी, दक्षिणेला आहे. तेथे जो बसेल, त्याची नजर मुंबईच्या येण्याजाण्यावर राहणार. जंजिऱ्याच्या सिद्दीचे आरमार पावसाळ्यात मुंबईचाच आसरा घेई. म्हणून शिवाजी महाराजांनी १६७२ साली या बेटावर किल्ला बांधू पाहिला. परंतु इंग्रज आणि सिद्दी आडवे आले आणि काम थांबले. पुढे १६७९ च्या पावसाळ्याअखेरीस मायनाक भंडारी सुमारे दीडशे माणसे आणि ४ लहान तोफा घेऊन बेटावर उतरला. तट उभा राहू लागला. इंग्रजांनी लगेच वेढा घातला.

आता लढाईची गोष्ट. १८ ऑक्टोबर १६७९ रोजी पहाटे दौलतखानाचे आरमार नागावच्या बाजूने इंग्रजांवर चालून गेले. ‘डोव्हर’ नावाचे इंग्रजांचे गुराब मराठ्यांनी पकडले आणि त्यांच्या लहान होड्या पांगल्या. येथवर आपण अभिमानाने सांगतो. पण पुढचेही सांगितले पाहिजे. ‘रिव्हेंज’ हे मोठे जहाज जागचे हलले नाही. त्याच्या तोफांपुढे आपल्या गलबतांना माघार घेऊन नागोठण्याच्या खाडीत शिरावे लागले. म्हणजे त्या दिवशी वेढा काही उठला नाही.

मग खांदेरी टिकली कशी? टिकली ती रात्रीच्या वाटेने. शिधा, दारूगोळा, माणसे, सारे लहान गलबतांतून, अंधारात बेटावर पोचत राहिले. यात जादू नव्हती. पावसाळा सरला की आपल्या किनाऱ्यावर रात्री जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा सुटतो. तो शिडात घेऊन किनाऱ्यावरून बाहेर पडावे, दुपारी वायव्येचा वारा धरून परतावे, हे कोळ्याच्या पोरालाही ठाऊक. वारा पडला की उंच जहाज जागीच डुलत राही. आपले गलबत मात्र शीड उतरवून वल्ह्यांवर पुढे सरके. शिवाय त्याचा तळ उथळ. जेथे मोठे जहाज खडकाच्या भीतीने येत नसे, तेथून ते भरतीच्या पाण्यावर सहज निघून जाई. इंग्रजांची तक्रार हीच होती, की या होड्या दिसतात पण सापडत नाहीत!

अखेर १६८० च्या आरंभी इंग्रजांनी वेढा उठवला. त्याच सुमारास सिद्दीने शेजारची उंदेरी बळकावली, म्हणून यश निर्भेळ नव्हते. पण खांदेरी मराठ्यांच्या हाती राहिली. महाराजांच्या हयातीतला तो अखेरचा हिवाळा.

खांदेरीवर १८६७ साली दीपगृह उभारले गेले. २०२५ साली मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांत खांदेरीही आहे. फार चांगले झाले. मात्र तट पाहताना एक गोष्ट मनात ठेवा. मायनाक आणि दौलतखान यांची नावे आपल्याला माहीत आहेत. पण कंदील विझवून, वाऱ्याचा अंदाज घेत, गलबत खडकांतून नेणाऱ्या तांडेलांपैकी किती जणांची नावे तुम्हांआम्हांला सांगता येतील? तटाचा दगडन् दगड त्यांच्या भरवशावर रचला गेला. पुढच्या वेळी थळला गेलात, तर अंधार पडेपर्यंत थांबा. पाठीमागून गार वारा सुटेल. तीच त्यांची वाट.