काल्पनिक पात्रांची पाटी

सेन्सॉरचं प्रमाणपत्र जातं, सिगारेट-तंबाखूचे इशारे जातात आणि मग दोन-तीन सेकंदांपुरती ती पाटी येते : या चित्रपटातील सर्व पात्रे व प्रसंग काल्पनिक असून कोणत्याही जिवंत वा मृत व्यक्तीशी साम्य आढळल्यास तो निव्वळ योगायोग समजावा. भिवंडीत ही पाटी शेवटपर्यंत वाचणारा माणूस सापडणं कठीण. पाळी संपवून आलेला लूमवाला, मग तो आझमगडकडचा असो, पिढ्यांपूर्वी तेलंगणातून आलेल्या पद्मशाली घरातला असो की इथलाच आगरी किंवा कोकणी मुसलमान, तेवढ्या वेळात अंधारात आपली खुर्ची चाचपत असतो.

तरी त्या पाटीमागचा कायदा या गावाला परका नाही. 6 मार्च 2014 रोजी भिवंडीजवळच्या सोनाळ्यात झालेल्या प्रचारसभेतल्या एका विधानावरून राहुल गांधींवर इथल्या न्यायालयात बदनामीची फिर्याद झाली. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन परत आलं. 12 जून 2018 रोजी ते स्वतः भिवंडीच्या कोर्टात उभे राहिले आणि गुन्हा कबूल नाही म्हणाले. तारखांवर तारखा पडत गेल्या आणि कोणी काय बोललं की अब्रू जाते, यावर धामणकर नाक्यावरचा चहावालाही मत देऊ लागला. सिनेमाच्या पाटीचं कूळ याच अब्रूच्या कायद्यात आहे. आणि ती जन्माला आली ती खऱ्या माणसांच्या खऱ्या भानगडींवर सिनेमे काढणाऱ्यांमुळे.

आपल्याकडचा सगळ्यात गाजलेला नमुना आधी घेऊ. 27 एप्रिल 1959. नौदलातले कमांडर कावस माणेकशा नानावटी यांना त्यांच्या इंग्रज पत्नीने, सिल्व्हियाने, प्रेम आहुजाशी असलेल्या संबंधांची कबुली दिली. नानावटींनी बायकोमुलांना मेट्रो सिनेमाला सोडलं. तिथे ‘टॉम थम्ब’ लागला होता. मग ते बंदरात गेले, आपल्या जहाजावरून रिव्हॉल्व्हर घेतलं आणि मलबार हिलवरच्या आहुजाच्या फ्लॅटवर पोचले. तीन गोळ्या सुटल्या. नुकताच न्हाऊन आलेल्या आहुजाच्या कमरेचा टॉवेल पडल्यावरही जागच्या जागी होता. झटापट झाली असती तर तो सुटला नसता का, हा सरकार पक्षाचा बिनतोड सवाल होता. मुंबईच्या रस्त्यांवर तेव्हा फेरीवाले ‘आहुजा टॉवेल’ आणि ‘नानावटी रिव्हॉल्व्हर’ नावाची खेळणी विकत. (टॉवेल कुठल्या मागावरचा, हे मात्र कोणी विचारलं नाही. कापडाच्या गावच्या माणसाला तोच प्रश्न आधी पडतो.)

ज्युरीने 8 विरुद्ध 1 अशा मतांनी नानावटींना निर्दोष ठरवलं. न्यायाधीशांना ते पटलं नाही, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि मार्च 1960 मध्ये जन्मठेप झाली. नोव्हेंबर 1961 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. रुसी करंजियांचं ‘ब्लिट्झ’ साप्ताहिक नानावटींच्या बाजूने पानंच्या पानं छापत होतं आणि पंचवीस पैशांचा अंक दोन रुपयांना जात होता. विजयालक्ष्मी पंडितांनी राज्यपाल या नात्याने माफी दिली ती 1964 मध्ये. त्याच्या आधीच, 1963 मध्ये, सुनील दत्तने ‘ये रास्ते हैं प्यार के’ काढला. दिग्दर्शक आर. के. नय्यर, नवरा सुनील दत्त, बायको लीला नायडू, मित्र रहमान. आणि सुरुवातीला पाटी : सर्व पात्रे आणि घटना काल्पनिक.

नानावटी अजून शिक्षा भोगत होते आणि पडद्यावर योगायोगाने एक देखणा नवरा, योगायोगाने एकटी पडलेली बायको आणि योगायोगाने एक श्रीमंत मित्र दिसत होता. शेवट तेवढा बदलला होता. थिएटरात बसलेल्यांपैकी ज्याला ही गोष्ट ठाऊक नव्हती असा माणूस मुंबईत मिळाला नसता. मुळात ठाऊक होती म्हणूनच तो तिकीट काढून आला होता. मराठी रंगभूमीही मागे नव्हती. मधुसूदन कालेलकरांचं ‘अपराध मीच केला’ याच खटल्याच्या धाग्यावर विणलेलं, आणि त्यात तर नायकही नौदलातलाच.

पाटी नव्हती तेव्हा काय करत? त्यासाठी आणखी मागे, 1925 मध्ये जावं लागतं. जागा पुन्हा मलबार हिल. 12 जानेवारीच्या संध्याकाळी अब्दुल कादर बावला या धनाढ्य व्यापाऱ्याच्या मोटारीला मागून दुसरी मोटार येऊन धडकली. त्यातून उतरलेल्यांनी बावलाला गोळ्या घातल्या आणि शेजारी बसलेल्या मुमताज बेगमच्या चेहऱ्यावर चाकूचे वार केले. तिला उचलून न्यायचं होतं. गोल्फ खेळून परतणारे काही इंग्रज लष्करी अधिकारी नेमके त्या वाटेवर आले, त्यांतल्या एकाने हातातल्या गोल्फच्या काठीनेच हल्लेखोरांना झोडपलं आणि डाव फसला. मुमताज इंदूरच्या तुकोजीराव होळकरांच्या पदरी बरीच वर्षं होती आणि तिथून निसटून आली होती. पकडलेली माणसं इंदूरची निघाली. हायकोर्टात नऊ आरोपी उभे राहिले. त्यांतले सरदार आनंदराव फणसे इंदूरच्या फौजेतले बडे अधिकारी, आणि त्यांचे वकील बॅरिस्टर जीना. तिघांना फाशीची शिक्षा झाली, चौघांना काळं पाणी, दोघे सुटले. तुकोजीरावांवर खटला भरला गेला नाही. चौकशी आयोगाला सामोरं जा किंवा गादी सोडा, असे दोन पर्याय त्यांच्यापुढे ठेवले गेले. फेब्रुवारी 1926 मध्ये त्यांनी गादी सोडली.

पण सिनेमा त्याआधीच येऊन गेला होता. कोहिनूर फिल्म कंपनीने होमी मास्टरच्या दिग्दर्शनाखाली ‘कुलीन कांता’ काढला तो 1925 मध्येच, म्हणजे रक्त वाळलं-न वाळलं तोच. मूकपट होता, नावं बदललेली. संस्थानिकांविषयी अप्रीती पसरवणाऱ्या लिखाणाला शिक्षा सांगणारा कायदा 1922 साली आला होता, मुंबईत सेन्सॉर बोर्ड 1920 पासून होतं, तेव्हा होळकरांचं नाव घालण्याचं धाडस कोण करणार? आणि गरजही काय होती?

कोहिनूर कंपनी या कलेत आधीच तयार झालेली होती. तिच्या 1921 च्या ‘भक्त विदुर’मध्ये मालक द्वारकादास संपत यांनी स्वतः विदुर केला, तो थेट गांधींच्या वेषात. कथा महाभारतातली, टोपी 1921 ची. मद्रास आणि कराचीत त्यावर बंदी आली. या वाटेवर तर मराठी नाटक कोहिनूरच्याही आधी चालून गेलं होतं : खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’तला कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, हे 1907 च्या प्रेक्षकाला कोणी सांगावं लागलं नाही. सरकारलाही उशिरा का होईना कळलं आणि 1910 मध्ये बंदी आली. म्हणजे आपल्याकडे वर्तमानाला पुराणाचं किंवा बनावट नावाचं सोवळं नेसवायची रीत होती. ‘हे खोटं आहे’ असं लिहून द्यायची रीत नव्हती. ती बाहेरून आली.

तिच्या आजोबांची गोष्ट विनोदी आहे. इंग्लंडात ‘संडे क्रॉनिकल’ नावाच्या पत्रात फ्रान्समधल्या दिएप गावच्या मोटारींच्या उत्सवावर एक गमतीदार वार्तापत्र आलं. त्यात आर्टेमस जोन्स नावाचा एक चर्चचा सभ्य कारभारी परक्या बाईबरोबर मौज करताना दाखवला होता. लेखकाने नाव मनाने रचलं होतं, असं संपादकाने शपथेवर सांगितलं. पण खरा आर्टेमस जोन्स निघाला, आणि तो चक्क बॅरिस्टर होता. त्याला ज्युरीने 1750 पौंड दिले आणि 1909 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने ते कायम केले. लिहिणाऱ्याच्या मनात कोण होतं याला महत्त्व नाही; वाचणाऱ्याला कोण दिसतं, याला आहे. या निकालाने लेखक-प्रकाशकांची झोप उडाली.

सिनेमावाल्यांची झोप उडायला 1934 उजाडावं लागलं. हॉलिवूडच्या मेट्रो-गोल्डविन-मेयर कंपनीने 1932 मध्ये रशियाच्या झारशाहीवर ‘रास्पुतिन अँड द एम्प्रेस’ हा भव्य चित्रपट काढला. त्यात एक राजपुत्र आहे, त्याची वाग्दत्त वधू नताशा आहे आणि दोघांच्या मध्ये रास्पुतिन. तो नताशाला नासवतो असं सूचित केलं आहे, आणि राजपुत्र त्याचा जीव घेतो. चित्रपटाच्या सुरुवातीला कंपनीने पाटी लावली होती, पण उलटी : यातली काही पात्रं आजही जिवंत आहेत, अशी फुशारकी मारणारी.

ती खरोखरच जिवंत होती. रास्पुतिनला डिसेंबर 1916 मध्ये पेट्रोग्राडमधल्या आपल्या राजवाड्यात बोलावून मारणारा प्रिन्स फेलिक्स युसुपोव्ह पॅरिसमध्ये राहत होता. त्याने खुनावर स्वतःच पुस्तक लिहिलं होतं, तेव्हा ‘मला खुनी दाखवलं’ म्हणून कोर्टात जायची त्याला सोयच नव्हती. गेली ती त्याची बायको आयरिना, झारची सख्खी भाची. खून झाला तेव्हा ती क्रिमियात होती. तिला भेटायला मिळेल या आमिषाने रास्पुतिनला बोलावलं होतं, एवढाच तिचा त्या रात्रीशी संबंध. चित्रपटातल्या त्रिकोणाची तिसरी बाजू म्हणजे ज्या भेटीत ती हजरच नव्हती ती भेट.

लंडनच्या कोर्टात कंपनीचा पहिला बचाव असा, की नताशा म्हणजे आयरिना नव्हेच. राजपुत्र फेलिक्स असेल तर त्याची बायको कोण, एवढंच ज्युरीला विचारायचं होतं. दुसरा बचाव मला जास्त बोलका वाटतो. बाईवर बळजबरी झाली असं दाखवण्यात तिची बदनामी कुठे आहे, दोष तर तिचा नाही! तर्काने हे अगदी खरं आहे. पण अपील कोर्टाने जगाकडे पाहून उत्तर दिलं : दोष नसला तरी अशा बाईला लोक टाळतात, दूर ठेवतात, आणि तेवढं नुकसान पुरेसं आहे. लंडनच्या न्यायमूर्तींनी हे 1934 साली मान्य केलं, ते आपल्याकडच्या कुठल्याही बाईला न सांगता ठाऊक असतं. आयरिनाला 25,000 पौंड मिळाले. बोलपटातलं चित्र हा कायमस्वरूपी छापलेल्या मजकुरासारखाच गुन्हा, हेही याच खटल्यात ठरलं.

जिवंत माणसांची फुशारकी मारण्याऐवजी ‘पात्रे काल्पनिक’ असं लिहिलं असतं तर कंपनीची बाजू बरी राहिली असती, हा धडा हॉलिवूडने घेतला. तिथून ती पाटी जगभरच्या चित्रपटांना चिकटली, कार्टूनलाही लागली. पाटीने संरक्षण किती मिळतं, हा वेगळा प्रश्न. आर्टेमस जोन्सचा निकाल अजून तिच्या उशाशी बसला आहे : लोकांनी ओळखलं तर ओळखलं. भारतात मेकॉलेच्या दंडसंहितेचं 499 वं कलम आणखी एक पाऊल पुढचं होतं. मेलेल्या माणसाविषयी लिहिलं आणि ते त्याच्या घरच्यांच्या भावना दुखावण्यासाठी असलं, तरी ती बदनामी. नव्या न्यायसंहितेत कलमाचा आकडा बदलला, आशय तोच राहिला. पाटीतलं ‘जिवंत वा मृत’ आपल्याकडे म्हणूनच नुसतं पल्लेदार वाटण्यासाठी नाही. ‘कुलीन कांता’ आला त्याच वर्षी नानूभाई देसाई आणि भालजी पेंढारकरांनी ‘बाजीराव मस्तानी’ हा मूकपट केला होता. भन्साळींनी तोच त्रिकोण 2015 मध्ये पुन्हा उभा केला तेव्हा काशीबाई-मस्तानीला एकत्र नाचवल्याबद्दल पेशव्यांच्या वंशजांनी आक्षेप घेतले. अडीचशे-पावणेतीनशे वर्षं उलटूनही अब्रूला मुदतबंदी लागत नाही.

माझी तक्रार पाटीच्या खोटेपणाबद्दल नाही. तो सगळ्यांना मान्य असलेला, लग्नातल्या रुसव्यासारखा खोटेपणा आहे. तक्रार ती कोणाच्या कामी येते, याबद्दल आहे. आयरिना श्रीमंत नसली तरी राजघराण्यातली होती, लंडनचा नामांकित वकील उभा करू शकली आणि जिंकली. एका बाईच्या विजयातून ही पाटी जन्मली आणि पुढच्या बाईला तसा विजय मिळू नये म्हणून वापरली जाऊ लागली. मुमताजच्या वेळी ती नव्हती. पण चेहऱ्यावर वार झालेली ती कुठल्या कोर्टात जाऊन सांगणार होती, की ‘कुलीन कांता’ म्हणजे मी? सिल्व्हियाचं प्रेम आणि पश्चात्ताप 1963 मध्ये सुनील दत्तने, 1973 मध्ये गुलजारांच्या ‘अचानक’ने, 2016 मध्ये अक्षयकुमारच्या ‘रुस्तम’ने आपापल्या परीने वापरले. ‘रुस्तम’मध्ये तर नवऱ्याच्या गोळीमागे देशभक्तीचं कारण जोडून दिलं. हा चित्रपट आला त्याच 2016 सालच्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी बदनामीचं कलम घटनेला धरून असल्याचा निर्वाळा दिला होता, आणि ते कलम रद्द करा म्हणून गेलेल्यांत आपल्या भिवंडीचे आरोपीही होते. नानावटी कुटुंब 1968 मध्ये कॅनडाला गेलं. सिनेमांवर सिनेमे निघत राहिले.

युसुपोव्ह कुटुंब पुन्हा एकदा कोर्टात गेलं. या वेळी नवरा स्वतः, न्यूयॉर्कमध्ये, 1965 साली, सीबीएसवर. त्या वाहिनीने रास्पुतिनच्या खुनावर दूरचित्रवाणी नाटक दाखवलं होतं. तक्रार अशी, की यातला काही भाग काल्पनिक आहे. तो हरला.