स्वयंप्रतिकारक जठरदाह

स्वयंप्रतिकारक जठरदाह (ऑटोइम्यून गॅस्ट्रायटिस) हा जठराच्या अस्तराचा दीर्घकालीन विकार आहे. यात शरीराची प्रतिकारशक्ती जठरातील आम्ल तयार करणाऱ्या पॅरायटल पेशींवरच हल्ला करते. परिणामी आम्ल कमी होते आणि लोह व जीवनसत्त्व बी-१२ यांचे शोषण खालावते. हा विकार स्त्रियांमध्ये अधिक आढळतो आणि अनेक वर्षे लक्षणांविना राहू शकतो.

== कारण ==
पॅरायटल पेशी जठराच्या वरच्या व मधल्या भागात असतात. त्यांतील आम्ल बाहेर सोडणाऱ्या 'प्रोटॉन पंप' या प्रथिनाला प्रतिकारशक्ती परके समजते. टी-पेशींच्या हल्ल्याने अस्तर हळूहळू झिजते. जठराचा खालचा भाग मात्र बहुधा शाबूत राहतो. थायरॉइडचे स्वयंप्रतिकारक विकार, पहिल्या प्रकारचा मधुमेह व कोड यांच्यासोबत हा विकार अनेकदा दिसतो.

== शरीरावरील परिणाम ==
=== रक्त ===
अन्नातील लोह विरघळण्यासाठी आम्ल लागते. त्यामुळे प्रथम, विशेषतः तरुण स्त्रियांमध्ये, लोहाची कमतरता दिसू शकते व गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन पुरेसे वाढत नाही. बी-१२ शोषले जाण्यासाठी पॅरायटल पेशींतून स्रवणारा 'इन्ट्रिन्सिक फॅक्टर' आवश्यक असतो. तो नाहीसा झाल्यावर पर्निशियस अ‍ॅनिमिया होतो. यकृतात बी-१२ चा साठा असल्याने ही अवस्था यायला अनेक वर्षे लागतात.

=== चेतासंस्था ===
बी-१२ अभावी चेतातंतूंचे आवरण बिघडते. हातापायांना मुंग्या, तोल जाणे, विस्मरण व उदासीनता ही लक्षणे दिसतात. रक्तक्षय नसतानाही ती उद्भवू शकतात. उपचारास उशीर झाल्यास मेरुरज्जूची हानी कायमची ठरू शकते.

=== जठर ===
आम्ल घटल्याने गॅस्ट्रिन हे संप्रेरक वाढते व त्याच्या उत्तेजनाने जठरात लहान न्यूरोएंडोक्राइन गाठी होऊ शकतात. जठराच्या कर्करोगाचा धोकाही काहीसा वाढतो. पोट जड वाटणे, थोडे खाताच पोट भरणे या तक्रारींना 'पित्त' समजून आम्ल कमी करणारी औषधे दिली जातात. प्रत्यक्षात आम्ल आधीच कमी असते.

== निदान व उपचार ==
रक्तातील बी-१२, फेरिटिन, गॅस्ट्रिन आणि पॅरायटल पेशी व इन्ट्रिन्सिक फॅक्टर यांविरुद्धची प्रतिपिंडे तपासतात. दुर्बिणीतून घेतलेल्या अस्तराच्या तुकड्याच्या तपासणीने निदान पक्के होते. मूळ विकार बरा करणारे औषध नाही. बी-१२ ची इंजेक्शने किंवा दररोज १००० मायक्रोग्रॅम वा अधिक मात्रेच्या गोळ्या बहुधा आयुष्यभर घ्याव्या लागतात. मोठ्या मात्रेतील सुमारे १ टक्का भाग इन्ट्रिन्सिक फॅक्टरशिवायही शोषला जातो. लोह गोळ्यांनी न वाढल्यास शिरेतून देतात.

== सातारा व सांगली परिसरातील संदर्भ ==
या जिल्ह्यांत ज्वारीची भाकरी, कडधान्ये व भाज्या हा नेहमीचा आहार आहे. वनस्पतिजन्य अन्नात बी-१२ जवळपास नसते. ते दूध, अंडी, मासे व मांस यांतून मिळते. त्यामुळे शाकाहारी रुग्णातील कमतरतेचे कारण आहारच धरले जाते व जठराचा विकार निसटू शकतो. मांसाहारी व्यक्तीत बी-१२ कमी आढळल्यास शोषणातील दोषाचा विचार विशेषत्वाने करावा लागतो.

गरोदरपणात सरकारी योजनेतून मिळणाऱ्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असते. ही गोळी आवश्यकच आहे. तथापि फॉलिक अ‍ॅसिडने रक्तक्षय सुधारला तरी बी-१२ अभावी होणारी चेतातंतूंची हानी थांबत नाही. म्हणून नियमित गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन न वाढणाऱ्या किंवा मुंग्या येणाऱ्या स्त्रीची बी-१२ तपासणी महत्त्वाची ठरते. मिरज येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व कराड येथील कृष्णा रुग्णालय ही या परिसरातील प्रमुख वैद्यकीय शिक्षण केंद्रे आहेत.

== इतिहास ==
थॉमस अ‍ॅडिसन यांनी १८५५ मध्ये या रक्तक्षयाचे वर्णन केले. १९२६ मध्ये मायनॉट व मर्फी यांनी यकृत खाऊ घालून रुग्ण सुधारल्याचे दाखवले. १९२८ पासून लूसी विल्स यांनी मुंबईत गरोदर स्त्रियांमधील रक्तक्षयाचा अभ्यास केला; त्यातून फॉलिक अ‍ॅसिडच्या शोधाची वाट खुली झाली. १९४८ मध्ये बी-१२ वेगळे करण्यात आले. एकेकाळी जीवघेणा असणारा हा रक्तक्षय आता नियमित उपचाराने आटोक्यात राहतो.