हिवाळ्यात कारचे मॅट कसे जपायचे? मिठाचे डाग, ओलावा आणि पेडलचा धोका

कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तर भागात हिवाळा सुरू झाला की रस्त्यावर बर्फासोबत मीठही दिसू लागतं. टोरांटो, शिकागो किंवा न्यू जर्सीत नोकरी-शिक्षणासाठी गेलेल्या मराठी माणसांना पहिल्या हिवाळ्यात हा प्रकार नवीन असतो. हे मीठ बुटांना चिकटून कारमध्ये येतं आणि काही दिवसांतच पायाखालच्या मॅटवर पांढरे डाग पडतात.

डाग वाईट दिसतात, पण ते निघू शकतात. जास्त नुकसान होतं ते मॅटखाली मुरलेल्या ओलाव्यामुळे. आणि ड्रायव्हरच्या पायाखालचा मॅट नीट बसवलेला नसेल तर प्रश्न थेट जिवाचा असतो.

रस्त्यावर मीठ का टाकतात?

साधं पाणी ० अंश सेल्सिअसला गोठतं. मीठ मिसळल्यावर ते गोठायला आणखी थंडी लागते. मिठाचं प्रमाण पुरेसं असेल तर हे पाणी उणे २१ अंशांच्या आसपासपर्यंत गोठत नाही. कडाक्याच्या थंडीत कॅल्शियम क्लोराइड आणि मॅग्नेशियम क्लोराइड हे क्षारही वापरले जातात. हे दोन्ही क्षार हवेतला ओलावा शोषून घेतात. त्यामुळे ते कार्पेटमध्ये मुरले, तर कार्पेट लवकर सुकत नाही.

मॅट ओले राहिले तर काय होतं?

- काचा धूसर होतात: हीटर सुरू केल्यावर मॅटमधल्या पाण्याची वाफ होते आणि ती थंड काचेवर आतून जमते. समोरचं दिसेनासं होतं.
- बुरशी आणि कुबट वास: ओलं कार्पेट २४ ते ४८ तासांत सुकलं नाही, तर बुरशी धरू शकते.
- गंज: खारट पाण्यामुळे लोखंड लवकर गंजतं. अनेक गाड्यांमध्ये कार्पेटखालून वायरिंगही गेलेलं असतं. तिथल्या जोडण्या खराब झाल्या, तर दुरुस्तीचा खर्च वाढतो.

कोणते मॅट वापरावेत?

बर्फाच्या दिवसांत उंच कडा असलेले रबरी मॅट सोयीचे ठरतात. वितळलेलं पाणी त्यांच्या खाचांमध्ये साचून राहतं आणि खालच्या कार्पेटपर्यंत पोहोचत नाही. मात्र ते पाणी नियमितपणे ओतून टाकावं लागतं. कापडी मॅट काढून, धुऊन, पूर्ण वाळवून उन्हाळ्यापर्यंत घरात ठेवता येतात.

गाडीत बसण्याआधी दोन्ही बूट एकमेकांवर आपटून बर्फ झाडला, तर निम्मं काम तिथेच होतं.

मॅट कसे स्वच्छ करायचे?

रबरी मॅट: मॅट बाहेर काढून झटकावेत. कोमट पाणी, सौम्य साबण आणि ब्रशने घासून पुसून घ्यावेत. तापमान शून्याखाली असेल तर अंगणात धुऊ नयेत. पाणी त्यांच्यावरच गोठतं आणि कडक झालेला मॅट वाकवताना तडकू शकतो. घरातलं बाथरूम बरं. मॅट चमकवणारे तेलकट स्प्रे मात्र टाळावेत, कारण त्याने मॅट आणि बुटाचा तळ दोन्ही निसरडे होतात.

कापडी मॅट आणि कार्पेट: आधी सुकलेलं मीठ ब्रशने सैल करून व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घ्यावं. मग कोमट पाणी आणि पांढरं व्हिनेगर सम प्रमाणात मिसळून डागावर हलकं शिंपडावं. काही मिनिटांनी जुन्या टॉवेलने दाबून टिपावं. जोरात घासलं, तर मीठ आणखी आत जातं. शेवटी साध्या पाण्याचा ओला कपडा फिरवून पुन्हा टिपावं. मॅट गाडीत न वाळवता घरात, हवा खेळती असेल तिथे वाळवावेत.

सगळ्यात महत्त्वाचं काय?

एका मॅटवर दुसरा मॅट कधीही ठेवू नये. कापडी मॅट घाण होऊ नये म्हणून त्यावरच रबरी मॅट टाकला जातो. वरचा मॅट हुकात अडकत नाही, तो पुढे सरकतो आणि पेडलमध्ये अडकू शकतो.

ऑगस्ट २००९ मध्ये अमेरिकेत सॅन डिएगोजवळ एका लेक्सस कारचा भीषण अपघात होऊन चार जणांचा मृत्यू झाला. त्या कारमध्ये दुसऱ्या मॉडेलचा रबरी मॅट होता आणि त्यात ॲक्सिलरेटर अडकल्याचं तपासातून पुढे आलं. त्यानंतर टोयोटाने अमेरिकेतल्या सुमारे ३८ लाख गाड्यांच्या मालकांना ड्रायव्हरच्या बाजूचे मॅट काढून ठेवायला सांगितलं होतं.

म्हणून मॅट धुऊन परत बसवताना तो आपल्याच मॉडेलचा आहे ना, हुक लागलाय ना, हे बघावं. गाडी बंद असताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सोडावा. तो कुठेही न अडता वर आला पाहिजे.

महाराष्ट्रात हे लागू होतं का?

आपल्याकडे रस्त्यावर मीठ टाकत नाहीत. इथे हीच अडचण पावसाळ्यात चिखल आणि दमट हवेमुळे येते. तेव्हाही मॅट बाहेर काढून वाळवणं गरजेचं असतं. चिखल लागू नये म्हणून मॅटवर वर्तमानपत्र अंथरायची सवय अनेकांना असते. ड्रायव्हरच्या पायाखाली तेही टाळावं, कारण सुटा कागदही पेडलकडे सरकतो.