मंडईच्या पाटीवर विश्वास ठेवावा का?

मी शिरढोणचा. आमच्या गावात क्रांतिवीर वासुदेव बळवंत फडके यांचं स्मारक आहे, कारण ४ नोव्हेंबर १८४५ ला ते इथेच जन्मले. पाटी वाचली की माणूस आणि जागा यांचं नातं कळतं, प्रश्नच उरत नाही. त्यामुळे लहानपणापासून माझा समज असा, की जागेला ज्याचं नाव, त्याने ती उभी केली, नाहीतर तो तिथे राहिला. संशोधनाला लागल्यावर हा समज मोडला, आणि तो मोडायला पुण्याची महात्मा फुले मंडई फार उपयोगी पडते.

आज शहराच्या मधोमध खरेदीची जागा म्हटली की मॉल आठवतो. अमेरिकेत व्हिक्टर ग्रुएन या वास्तुरचनाकाराचा 'साउथडेल' हा पूर्ण बंदिस्त मॉल १९५६ मध्ये सुरू झाला. पण एका छपराखाली, आखीव जागेत, शहराच्या मध्यात बाजार बसवण्याची कल्पना आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधी आली होती. मुंबईचं क्रॉफर्ड मार्केट १८६९ मध्ये पूर्ण झालं. पुण्याची मंडई १८८६ ची.

त्याआधी पुण्यात भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या मोकळ्या जागेत भरायचा. नगरपालिकेने शुक्रवार पेठेत जागा घेऊन सुमारे ३ लाख रुपये खर्चून नवी इमारत बांधली. ५ ऑक्टोबर १८८६ ला मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं आणि नाव पडलं 'रे मार्केट'.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. मधे अष्टकोनी भाग, त्यावर उंच मनोरा, आणि मध्यापासून आठ दिशांना निघालेल्या आठ पाख्या. विक्रेत्यांचे गाळे या पाख्यांमध्ये. कुठूनही आत शिरा, चालत राहिलात की मध्यावर पोचता.

इथे एक मोह होतो. मध्यावर उभं राहिलं की सगळ्या पाख्या दिसतात, मग तुम्ही लिहून टाकता: 'ही रचना विक्रेत्यांवर नजर ठेवण्यासाठी केली.' थांबा! रचना काय करू देते हे नकाशा सांगतो, ती कशासाठी केली हे सांगत नाही. मध्यातून फाटे काढले की उजेड आणि वारा सगळीकडे पोचतो, हेही तितकंच खरं आहे. हेतूबद्दल बोलायचं तर नगरपालिकेचे ठराव, पत्रव्यवहार, अंदाजपत्रकं शोधायला हवीत. मी विज्ञानाचा विद्यार्थी. आमच्या भाषेत सांगायचं, तर एकाच निरीक्षणाची दोन स्पष्टीकरणं शक्य असतील, तर तिसरा पुरावा आणा.

आणि आता पाटी. मंडईचा प्रस्ताव आला तेव्हा जोतीराव फुले नगरपालिकेचे सदस्य होते. त्यांनी मंडईवरच्या खर्चाला विरोध केला. एवढा पैसा इमारतीवर घालण्यापेक्षा शिक्षणावर खर्च करा, हे त्यांचं म्हणणं. बहुमत त्यांच्या बाजूने नव्हतं. पुढे १९३८ च्या सुमारास, आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्यांच्या पुढाकाराने मंडईला फुल्यांचं नाव मिळालं. म्हणजे जे नको म्हणाले, त्यांचंच नाव पाटीवर!

याला विनोद म्हणून सोडून देऊ नका. १८८६ चं नाव सत्तेबद्दल सांगतं: गव्हर्नर कोण होता. १९३८ चं नाव समाजाबद्दल सांगतं: पुण्याला उशिरा का होईना, कोणाची आठवण ठेवावीशी वाटली. दोन्ही नावं खरीच आहेत, पण आपापल्या काळाबद्दल. बांधकाम का झालं, याबद्दल दोन्ही गप्प आहेत.

आणखी एक छोटी गोष्ट. फुल्यांना 'महात्मा' ही पदवी १८८८ मध्ये मिळाली. त्यामुळे 'महात्मा फुल्यांनी मंडईला विरोध केला' असं आपण बोलताना म्हणतो ते चालतं. प्रबंधात मात्र त्या काळाबद्दल लिहिताना 'जोतीराव फुले' लिहा. परीक्षक अशाच जागी पेन्सिल टेकवतो.

विषय निवडताना पुढच्या वेळी तुमच्या गावच्या बाजाराला एक फेरी मारा. वहीत तीन रकाने आखा: इमारत कधीची, नाव कधीचं, आणि तेव्हा 'नको' कोण म्हणालं. तिसरा रकाना भरायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. संशोधन बहुतेक वेळा तिथेच सापडतं.