इनामगावचा दगडमातीचा बांध आणि डागडुजीची परंपरा : एक विवेचन

प्रस्तावना

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी वसलेले इनामगाव हे महाराष्ट्रातील ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीचे महत्त्वाचे स्थळ होय. डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात येथे उत्खनन केले. म. के. ढवळीकर, ह. धी. सांकलिया व झेड. डी. अन्सारी यांचा अहवाल 1988 मध्ये प्रसिद्ध झाला. माळवा, पूर्व जोर्वे व उत्तर जोर्वे अशा तीन कालखंडांतील येथील वसाहत इ.स.पू. सुमारे 1600 ते 700 या काळातील आहे. तेथील बांधाचा विचार डागडुजीच्या अंगाने करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

बांधाचे स्वरूप

पूर्व जोर्वे काळात (इ.स.पू. सुमारे 1400 ते 1000) येथील लोकांनी पाण्याचा पाट खोदला व त्यालगत ओबडधोबड दगड मातीत बसवून सुमारे 240 मीटर लांबीचा बांध घातला. पुरापासून संरक्षण आणि शेतीला पाणी, असे दुहेरी प्रयोजन त्यामागे मानले जाते. गारगोटीच्या जातीच्या दगडापासून ही माणसे धारदार पाती काढीत. बांधासाठी मात्र दख्खनचा काळा पाषाण विपुल होता. प्रत्येक कामासाठी योग्य दगड निवडण्याची जाण यातून दिसते.

डागडुजीचे तंत्र

मातीच्या सांध्यांचे बांधकाम एकदा उभारून भागत नाही. पावसाने दरजांतील माती धुऊन जाते, दगड सैल होतात आणि भिंतीला पोट येते. अशा वेळी सुटलेला भाग उतरवून तेच दगड पुन्हा बसवावे लागतात. पोकळीत चिपा ठोकून, भुसा घालून मळलेल्या मातीने दरजा भराव्या लागतात. सिमेंटचा वापर येथे अपायकारक ठरतो. त्याचा कठीण थर ओल बाहेर पडू देत नाही, ती आतील मातीत साचते आणि भिंत आतून खचते. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या 2014 च्या संवर्धन धोरणातही पारंपरिक साहित्य व कारागिरी यांना स्थान आहे.

सामाजिक अर्थ

धान्यकोठाराशेजारील पाच खोल्यांच्या घरावरून येथे गावप्रमुखाची सत्ता असावी, असे ढवळीकरांनी प्रतिपादिले. बांधाची उभारणीही अशा सत्तेचा पुरावा मानली जाते. तथापि उभारणी एका हुकमाने होऊ शकते. दर पावसाळ्यानंतरच्या डागडुजीला मात्र पिढ्यान्‌पिढ्यांचे सहकार्य लागते. बांध दीर्घकाळ उपयोगात राहिला असेल, तर सत्तेइतकेच श्रेय या सामूहिक सवयीला द्यावे लागेल.

निष्कर्ष

प्राचीन भिंतीचे मोल तिच्या दगडांइतकेच त्या दुरुस्त करणाऱ्या ज्ञानातही असते. आज खेड्यापाड्यांतील जुन्या गावकुसांची दुरुस्ती सिमेंटने झाल्यास भिंत कदाचित काही काळ उभी दिसेल; पण माती मळणारा आणि दगड पारखणारा हात नाहीसा होईल. म्हणून वास्तूंबरोबर या कारागिरीचीही नोंद होणे अगत्याचे आहे.