मेसेज क्यू म्हणजे काय? आणि एकच ईमेल कधी कधी दोनदा का येतो?

ऑनलाइन ऑर्डर दिली की 'तुमची ऑर्डर मिळाली' हे स्क्रीनवर लगेच दिसतं. पावतीचा ईमेल मात्र थोड्या वेळाने येतो. कधी कधी तोच ईमेल दोनदा येतो. या दोन्हींमागे अनेकदा एकच यंत्रणा असते: मेसेज क्यू, म्हणजेच संदेशांची रांग.

रांग कशासाठी?

ऑर्डर घेणारा प्रोग्राम पावती बनवणं, ईमेल पाठवणं, गोदामाला कळवणं हे सगळं स्वतःच करत बसला तर ग्राहकाला तोवर ताटकळावं लागेल. ईमेलचा सर्व्हर बंद पडला तर ऑर्डरच अडकेल. म्हणून तो प्रत्येक कामाची चिठ्ठी रांगेत टाकून मोकळा होतो. 'वर्कर' नावाचे दुसरे प्रोग्राम त्या चिठ्ठ्या उचलून कामं उरकतात. सेलच्या दिवशी रांग लांबते, पण ॲप कोसळत नाही. कामं अशी मागाहून होतात, म्हणून ही पद्धत 'असिंक्रोनस'.

अशा रांगांसाठी रॅबिटएमक्यू, ॲमेझॉनची एसक्यूएस, लिंक्डइनमध्ये तयार झालेलं काफ्का अशी साधनं वापरली जातात. काफ्का हे नाव लेखक फ्रान्झ काफ्का यांच्यावरून पडलं.

चिठ्ठी कधी फाडायची?

खरी मेख इथे आहे. चिठ्ठी उचलताक्षणीच फाडली आणि वर्कर मध्येच बंद पडला, तर काम कायमचं हरवतं. काम झाल्यावर फाडायची ठरवली, तर काम होऊन चिठ्ठी फाडण्याआधीच वर्कर बंद पडू शकतो. मग दुसरा वर्कर तेच काम पुन्हा करतो.

एसक्यूएसमध्ये उचललेली चिठ्ठी इतरांपासून लपवली जाते. वेगळं काही ठरवलं नसेल तर फक्त 30 सेकंद. काम 40 सेकंदांचं असेल तर पहिला वर्कर राबत असतानाच दुसरा तीच चिठ्ठी उचलू शकतो. या सेवेच्या साध्या रांगेची हमीच 'किमान एकदा' अशी आहे. एकदाच, अशी नाही.

ईमेल दोनदा आला तर फार बिघडत नाही. पैसे दोनदा कापले गेले तर? म्हणून प्रत्येक कामाला स्वतंत्र क्रमांक देतात आणि तो डेटाबेसमध्ये दुसऱ्यांदा नोंदवताच येणार नाही अशी अट घालतात. नुसतं 'आधी झालंय का' हे तपासणं पुरत नाही, कारण दोन वर्कर एकाच क्षणी तपासू शकतात. पेमेंट गेटवेलाही हाच क्रमांक पाठवला, तर तो दुसरी मागणी ओळखू शकतो.

न होणाऱ्या कामांचं काय?

काही चिठ्ठ्यांमधली माहितीच चुकीची असते. कितीही वेळा उचला, काम होत नाही. ठरावीक प्रयत्नांनंतर त्या 'डेड लेटर क्यू'मध्ये टाकता येतात. नाव टपाल खात्यातलं. पण ही रांग कुणीतरी उघडून पाहावी लागते आणि नेमकं तेच राहून जातं. एसक्यूएसमध्ये संदेश आपोआप 4 दिवस, फार तर 14 दिवस टिकतो. साध्या रांगेत हे दिवस संदेश मुळात टाकला तेव्हापासून मोजतात. मूळ रांगेत 1 दिवस गेला असेल तर चारांपैकी 3 दिवसच उरतात. त्यानंतर तो पुसला जातो.